अलाइनर दुखतोय म्हणून रात्री काढून ठेवण्याआधी

अलाइनर, म्हणजे दात सरळ करायला एकामागून एक लावायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. तुमचा सहावा ट्रे, तिसरा दिवस. जिभेची कड सोललेली, घास चावताना पुढचे दात ठणकतात, म्हणून रात्री ट्रे काढून झोपावं का, असं तुम्ही विचारलंय. क्लिनिकवाल्यांचं उत्तरही दिलंय: 'दुखणारच, शनिवारी सातवा लावा.' हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मीही ते ऐकलेलं आहे आणि सगळ्यात महाग तेच पडलं. मी दंतवैद्य नाही, तेव्हा वाचा आणि आपल्या ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, विचारूनच करा.

रात्री काढू नका. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, आणि दाताचं मूळ हाडाशी ज्या तंतूंच्या थराने बांधलेलं असतं तो थरही जेमतेम तेवढाच जाड असतो. तो दाबला जातो, सुजतो, म्हणून दुखतं. ट्रे आठ तास बाहेर राहिला की दात मागे सरकायला लागतो, आणि सकाळी आधीच सुजलेल्या थरावर तोच दाब पुन्हा पहिल्यापासून येतो. जे लोक दुखतं म्हणून ट्रे काढतात त्यांचं दुखणं लांबतं ते यामुळे. ट्रे रोज २० ते २२ तास घाला आणि नवा ट्रे नेहमी रात्री, जेवण आणि ब्रश झाल्यावर लावा. पहिले सहा-सात तास झोपेत निघून जातात.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोबद्दल. वरच्या दोन मोठ्या दातांच्या डावीकडचा जो लहान दात आहे, त्याची कड आणि ट्रेचं प्लास्टिक यांच्यामध्ये पोकळी दिसतेय. जीभ आणि ठणका या दोन्हींपेक्षा मला काळजी याची वाटते. हा दात आणि सुळा हेच दोन ट्रेला सगळ्यात जास्त चकवतात. लहान दाताला खाली ओढायचं असतं आणि प्लास्टिकला धरायला तिथे फारसं काही नसतं. सुळा गोल असल्यामुळे फिरवताना ट्रे त्याच्यावरून निसटतो. म्हणून तर दातावर ती बटणं, म्हणजे ॲटॅचमेंट, चिकटवतात.

आरशासमोर मोबाइलचा टॉर्च बाजूने मारून बघा. बटण ट्रेमधल्या त्याच्या खाचेत पूर्ण बसलंय का? अर्धं बाहेर असेल तर ट्रे बसलेलाच नाही. बटणच पडलंय का हेही बघा, पडताना कळत नाही. बटण असेल आणि फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर च्युई वापरा. च्युई म्हणजे ती मऊ नळकांडी. ती कचाकचा चघळायची नसते: फटीच्या दाताखाली धरायची, दाबायची, ५ ते १० सेकंद दाबून ठेवायची, सोडायची. प्रत्येक वेळी ट्रे लावल्यावर ५ ते १० मिनिटं. ट्रे आधी बोटांनीच पूर्ण बसवा, पुढून मागे. नुसते दात आवळून बसवायला गेलात तर प्लास्टिक वाकतं किंवा तडकतं.

दोन-तीन दिवस नीट च्युई करूनही फट तशीच राहिली, किंवा पहिल्यापासूनच मिलिमीटरभर असली, तर शनिवारी सातवा लावू नका. सातवा ट्रे 'सहाव्याचं काम झालं' असं धरून बनवलेला असतो. मागे पडलेला दात त्याच्यात आणखी कमी बसतो आणि फट वाढत जाते. सहावाच आणखी आठवडाभर ठेवायचा की पाचव्यावर परत जायचं, हे डॉक्टरांनी तोंडात बघून ठरवायचं. म्हणून जुने निदान दोन ट्रे तरी फेकू नका.

माझ्या बाबतीत हेच झालं नाही. फोनवर क्लिनिकच्या बाई सांगायच्या, 'ॲपमध्ये जी तारीख आलीय त्या तारखेला बदला.' ट्रे तोंडात असताना कोणी बघायलाच तयार नव्हतं. भेटीच्या दिवशीही पहिलं वाक्य 'ट्रे काढा' हेच. शेवटी दात आराखड्याच्या इतका बाहेर गेला की उरलेला सगळा सेट बाद झाला, नव्याने स्कॅन, नवे ट्रे, आणि त्या स्कॅनचे पैसे वेगळे. क्लिनिकचं नाव लिहिणार नाही, विचारू नका. पैसे पूर्ण भरले नसतील तर आजच लेखी विचारा: रिफाइनमेंट, म्हणजे पुन्हा स्कॅन करून नवे ट्रे बनवणं, किती वेळा पॅकेजमध्ये आहे, त्याचं स्कॅन धरून का, आणि दर किती ट्रेंनी ऑर्थोडॉन्टिस्ट स्वतः तपासणार. यावर जे गुळमुळीत बोलतात त्यांच्याकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे असे नसतात हेही खरं.

जिभेचं सोपं आहे. बोट फिरवून टोचणारी जागा शोधा, ट्रे काढा, नखं घासायच्या कागदी कानशीच्या बारीक बाजूने तेवढीच कड एका दिशेने चार-पाच वेळा घासा, धुवा, जिभेने तपासा. नेलकटर लावू नका, कड तडकते. घासायची सोय नसेल तर ऑर्थोडॉन्टिक वॅक्सचा मुगाएवढा गोळा कोरड्या केलेल्या कडेवर बाहेरून दाबा. बटणावर वॅक्स लावून वर ट्रे चढवू नका, मग तो बसतच नाही. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा, पण ट्रे काढून. गरम पाणी ट्रेला लागलं की त्याचा आकार गेला. लवंगेचं तेल हिरडीवर थेट लावायला आजी सांगेल; त्याने हिरडी भाजते. जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा.

ठणक्यासाठी, प्रौढ असाल आणि यकृताचा त्रास नसेल तर, पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, नवा ट्रे लावायच्या तासभर आधी एक, पुढे लागली तर ४ ते ६ तासांनी. आयबुप्रोफेन रोज नको: दात सरकायला जी सूज लागते तीच ते कमी करतं. पाकीट वाचा. आपल्याकडे दुकानदार 'दातदुखीची' म्हणून देतात त्या बऱ्याच गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे नकळत डोस दुप्पट होतो. एकच दात रात्रभर ठसठसत असेल, गरम लागल्यावर कळ बराच वेळ टिकत असेल किंवा हिरडी सुजली असेल, तर दोष बहुधा ट्रेचा नाही; कीड किंवा नस तपासून घ्या.

ट्रे काढताना पुढून ओढू नका. शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूने नख घालून दोन्हीकडे सैल करा, मग पुढे या. बटणं पडतात आणि हिरड्या दुखतात त्या बऱ्याचदा या ओढण्यानेच.

पहिले दोन दिवस भाकरी आमटीत कुस्करून खा, शेंगदाणे, चकली, चिक्की नंतर. तास कमी भरतात ते जेवणामुळे नाही, चहामुळे. दिवसात चार कटिंग, प्रत्येकी वीस मिनिटं गप्पांसकट, की गेली ऐंशी मिनिटं. चहा जेवणाला जोडा. ट्रे घालून फक्त साधं पाणी. हळदीचं खाल्ल्यावर ब्रश न करता ट्रे चढवलात तर ट्रे आणि बटणं दोन्ही पिवळी.

क्लिनिकला फोन करू नका, व्हॉट्सॲपवर लिहा, म्हणजे तारखेसह नोंद राहते. तीन फोटो पाठवा, ट्रे घालून: समोरून, डावीकडून, उजवीकडून, ओठ बोटांनी बाजूला करून. फ्लॅश बंद ठेवा, प्लास्टिक चमकलं की फट दिसत नाही. सोबत ट्रे नंबर, कितवा दिवस आणि रोज खरंच किती तास घातला ते लिहा, आणि विचारा: 'हा दात ट्रॅक होतोय का, म्हणजे ट्रेबरोबर ठरल्याप्रमाणे सरकतोय का, आणि नसेल तर सातवा लावू का?'