एमआरआयला ड्यूटी लागली त्या निमित्ताने

अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तुझी ड्यूटी एमआरआयला लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. सीटीवर तुझा हात चांगला बसलाय, पण तिथली एक सवय बाहेर ठेवूनच आत जा. सीटीत एक्सपोजर संपलं की धोकाही संपतो. इथे पेशंट उतरवला, कन्सोल बंद केला, दिवे मालवले तरी चुंबक चालूच राहतो. त्याची ताकद १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. त्यामुळे दार उघडं टाकून कन्सोलवर बसायचं नाही, अगदी मिनिटभरसुद्धा.

लार्मर, टी-वन, टी-टू हे एमआरआयचं भौतिकशास्त्र तू करशीलच. पण शरीरातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन हलवायला आपण जी रेडिओलहर सोडतो, १.५ टेस्लाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झची, तीच पेशंटचं अंगही तापवते. म्हणून वजन अंदाजाने टाकू नकोस, एसएआरचं, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे किती रेडिओऊर्जा शोषली जाते त्याचं, गणित त्यावरच चालतं. उघडी मांडी मांडीला टेकली की शरीरातच कडं तयार होतं आणि टेकल्या जागी भाजतं. मध्ये पॅड घाल. कॉइलच्या (अंगावर ठेवायच्या अँटेनाच्या) वायरीचं वेटोळं अंगावर पडू देऊ नकोस. पेशंट “गरम लागतंय” म्हणाला की थांब, सिक्वेन्सची दोनच मिनिटं उरली असली तरी.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फॉर्मची. एकदा एका आजींना मी विचारलं, “काही ऑपरेशन झालंय का?” “नाही बाळा.” फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’, खाली अंगठा. मंगळसूत्र, जोडवी काढून झाली, पदराची पिन काढायला मावशींनी हात लावला आणि थबकल्या. कॉलरबोनखाली काडेपेटीएवढा उंचवटा. आजी म्हणाल्या, “ती होय? ती बॅटरी बसवलीय, ऑपरेशन नाही काही.” बॅटरी म्हणजे पेसमेकर. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. माझा प्रश्नच त्यांच्या भाषेतला नव्हता. तेव्हापासून मी विचारतो: छातीत बॅटरी आहे का? अँजिओ झाली का, स्प्रिंग टाकली का? पायात रॉड, डोक्यात नळी, कानात मशीन? लेथवर, ग्राइंडरवर काम केलंय का, डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का? हे पेशंटला विचार, नातेवाइकाला वेगळं विचार, आणि आत नेताना परत एकदा विचार. बॅटरी निघाली तर मॉडेलचं कार्ड माग आणि रेडिओलॉजिस्टला फोन कर. काही बॅटऱ्यांवर ठरावीक अटींत स्कॅन होतो, पण तो निर्णय एकट्याने घ्यायचा नाही.

आत पेशंट कोसळला तर डॉक्टरांची धावपळ दाराशीच अडव आणि पेशंटला बाहेर आण. सीपीआर सुरू ठेवूनच आण. क्वेंचच्या, म्हणजे चुंबक थंड ठेवणारं हेलियम उडवून चुंबक बंद करणाऱ्या, बटणाला तेव्हा हात लावू नकोस. चुंबक उतरायला वेळ जातो, आणि द्रवरूप हेलियमच्या एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो; तो खोलीत शिरला तर श्वास कोंडतो.

सोमवारी अर्धा तास आधी जा. आत चालणारी, म्हणजे चुंबकाकडे न ओढली जाणारी ट्रॉली, तसाच सिलिंडर आणि क्वेंचचं बटण कुठे आहे ते मावशींकडून बघून घे.

तुझे सर