वाचकांचे प्रश्न : सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा

प्रश्न : घर बांधलं तेव्हाच सेप्टिक टाकी केली, त्याला पाच वर्षं झाली. दरवर्षी आषाढ लागला की संडासाचं पाणी उतरत नाही आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप सुरळीत होतं. गवंडी म्हणतात टाकी भरली, उपसून घ्या. घेऊ का?
(एक वाचक, राजापूर तालुका)

उत्तर : भर पावसात मुळीच नको. सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. जेवढं पाणी आत येतं, तेवढंच पलीकडून शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जातं. पावसाबरोबर येणारं आणि पावसाबरोबर जाणारं दुखणं बहुतेक वेळा शोषखड्ड्याचं असतं. चिऱ्याच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी वर चढतं, खड्डा खालूनच भरतो आणि टाकीतल्या पाण्याला जायला वाट उरत नाही. अशात टाकी उपसली तर काही दिवसांत पुन्हा तेच. शिवाय रिकामी फायबरची किंवा प्लास्टिकची टाकी जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाऊ शकते.

तरी आधी खात्री करा. घराजवळच्या चेंबरचं झाकण उघडा. चेंबर तुंबलेलं, पण टाकीतलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाशी, म्हणजे नेहमीच्या पातळीला असेल, तर अडथळा मधल्या पाइपात किंवा टाकीच्या तोंडाच्या 'टी'मध्ये (T आकाराच्या जोडपाइपात) आहे. टाकीतलं पाणी त्या पाइपच्या वर चढलं असेल, तर पुढची वाट किंवा शोषखड्डा तुंबलाय. झाकण उघडताना वाकून आत बघू नका, विडी-काडी पेटवू नका, मुलांना लांब ठेवा.

आणखी एक सोपी परीक्षा विहिरीची. श्रावणात तिचं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते दोरीने मोजा. दोन मीटरपेक्षा कमी असेल, तर खोल शोषखड्डा पावसाळाभर पाण्यातच राहणार. तो आणखी खोल करून उपयोग नाही, उलट मैलापाणी थेट भूजलात मिसळेल. पन्हाळीचं आणि अंगणाचं पाणी खड्ड्यापासून दूर वळवा, झाकण जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्या. न्हाणी-मोरीचं पाणी टाकीत सोडलं असेल, तर ते वेगळं करून माडा-केळीला द्या. एवढ्याने पुष्कळांचं भागतं. नाही भागलं तर उन्हाळ्यात मातीचा उंच भराव घालून त्यात उथळ चर घ्यावा : 15 ते 25 सें.मी. धुतलेली खडी आणि तीत 75 ते 100 मि.मी.चा भोकं पाडलेला पाइप. पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर अंतर हवंच. कोकणात आवार लहान आणि विहीर दाराशी, म्हणून हेच पहिल्यांदा डावललं जातं.

प्रश्न : आमची टाकी बारा वर्षांत एकदाही उपसलेली नाही, तरी काही त्रास नाही. मग दर तीन वर्षांनी उपसा असं का सांगतात?
(एक वाचक, सिन्नर)

उत्तर : त्रास टाकीला नाही, शोषखड्ड्याला होतो आणि तो उशिरा दिसतो. तळाचा गाळ वाढला की पाणी निवळायला जागा उरत नाही. गाळ पुढे जाऊन खड्ड्याभोवतालच्या मातीची छिद्रं बुजवतो. मग नवा खड्डा खणण्यावाचून गत्यंतर नसतं. तुमच्याच सिन्नरमध्ये आणि वाईत नगरपरिषदेने 2018 पासून तीन वर्षांच्या फेरीने टाक्या उपसायला सुरुवात केली, ती याचसाठी.

गाळ मोजायचा असेल तर लांब काठीला खालच्या मीटरभर भागात पांढरं फडकं घट्ट गुंडाळा, टाकीच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे घराकडचा मैला आधी पडतो त्यात, तळापर्यंत सावकाश सोडा, दोन-तीन मिनिटांनी वर काढा. काळा भाग म्हणजे गाळ. वर तरंगणारा थर आणि गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त झाले की मैला गाडी बोलवा. दोन्ही कप्प्यांतून उपसायला सांगा, तळाशी थोडा गाळ राहू द्या, टाकी धुऊ नका. गाडी कुठे रिकामी होणार तेही विचारा. ओढ्यात ओतणार असतील तर नाही म्हणा.

माणूस टाकीत उतरवू नका. संरक्षक साधनांशिवाय उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं, आतल्या वायूने क्षणात शुद्ध हरपते आणि वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. झाकण तासभर उघडं ठेवलं तरी आत उतरणं सुरक्षित होत नाही.

प्रश्न : जिवाणूंची पावडर, गूळ, शेण यांपैकी टाकीत काय घालावं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : काहीच नाही. लागणारे जिवाणू मैल्यातच येतात, शेणाने तर गाळच वाढतो. नेहमीच्या सफाईतल्या थोड्या फिनाइलने बिघडत नाही. ॲसिडची बाटलीच्या बाटली ओतली की बिघडतं. पॅड, डायपर, ओले टिश्यू आणि तळणीचं तेल संडासात टाकू नका.

प्रश्न : टाकीतून डास येतात.
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या पाइपला, जो किमान 50 मि.मी.चा हवा, बारीक जाळी तारेने आवळून बसवा. झाकणाच्या फटी चुन्याने किंवा पातळ सिमेंटने बुजवा. घट्ट सिमेंटने नको, पुढच्या वेळी झाकण फोडावं लागेल.