एक्सेलमध्ये प्रत्येक बागायतदाराची चालती बेरीज कशी काढायची?

वाळपईच्या तुमच्या काजू खरेदीत ‘ए’ रकान्यात बागायतदार, ‘बी’त तारीख, ‘सी’त किलो, प्रत्येकाची चालती बेरीज (म्हणजे त्या ओळीपर्यंतचं एकूण) वेगळी हवी, बरोबर? डी२ मध्ये (इंग्रजी अक्षरांत) टाका: =समइफ(ए$२:ए२,ए२,सी$२:सी२) आणि खाली ओढा. सगळी गंमत डॉलरची: रेंजची सुरुवात दुसऱ्या ओळीला खिळते, शेवट ओळीगणिक सरकतो. एकाचे ४०, २५, ३० किलो असतील तर ४०, ६५, ९५ दिसेल. मध्ये दुसऱ्याची ओळ आली तरी बिघडत नाही. तारखा मात्र क्रमाने हव्यात.

ओळी वीस-तीस हजार झाल्या की शीट रडायला लागते. तेव्हा आधी नाव, मग तारीख असं सॉर्ट करून डी२ मध्ये हे टाका नि खाली ओढा: =इफ(ए२=ए१,डी१+सी२,सी२).

आणि नावांवर आधी ट्रिम (जादा स्पेस काढणारं फंक्शन) चालवा. माझ्याकडे एका नावामागे स्पेस राहिली नि एकाच माणसाची दोन खाती झाली!