‘उत्तम स्थिती’ सांगून कसर लागलेलं जुनं पुस्तक आलं, तर पैसे परत मिळतात का?

हो, मिळतात. ‘जुना माल परत घेत नाही’ हे विक्रेत्याचं उत्तर इथे चालत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष असेल किंवा वर्णनाशी जुळत नसेल, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. सगळी भिस्त पुराव्यावर असते. जुन्या पुस्तकाची बहुधा एकच प्रत असते आणि विकली गेली की तिचं वर्णनही साइटवरून जातं, म्हणून ऑर्डर देतानाच त्याचा स्क्रीनशॉट काढा. पार्सल उघडताच उसवलेली शिलाई, कसरीची भोकं आणि आवृत्तीचं पान यांचे फोटो घ्या. मग साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा: ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल देणं त्याला बंधनकारक आहे. दाद नाही लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मात्र घरातली जुनी पुस्तकं अधूनमधून विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. तिथे पैसे देण्याआधीच आतल्या पानांचे फोटो मागा. आणि वर्णनात ‘पानं पिवळी, पेन्सिलच्या खुणा’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर त्यावरून भांडू नका.