पाळण्यातल्या काचा

प्रिय,

अनेक आशीर्वाद. वार्षिक प्रदर्शनासाठीच्या तुझ्या कलाकृतीचे फोटो आणि सोबतचं स्टेटमेंट, म्हणजे तिच्यामागचा विचार सांगणारं टिपण, मिळालं. लाकडी पाळणा, त्यात फुटक्या काचा, आणि पानभर मजकुरात ठिकठिकाणी 'अंतर्विरोध'. खरं सांगू? पाळण्यात काच दिसली की माणूस 'अरे बापरे' म्हणतो, अर्थ लावून मोकळा होतो आणि पुढच्या कामाकडे वळतो. दोन विरुद्ध वस्तू शेजारी ठेवल्या की विरोध दिसतो, पण तिथेच संपतो.

कलावंत शिल्पा गुप्तांचं 'थ्रेट' हे काम बघ, 2008-09 सालचं. अंघोळीच्या साबणाच्या वड्या विटांसारख्या रचून केलेली भिंत. प्रत्येक वडीवर 'थ्रेट', धमकी, एवढाच शब्द. आणि प्रेक्षकाला वडी घरी न्यायची मुभा. नेली तर भिंत कमी होते, पण धमकी तुमच्या न्हाणीघरात येते. वापरली तर शब्द झिजतो, पण तुमच्याच अंगावर. मग ती नाहीशी झाली की अंगात मुरली? आणि वापरलीच नाही, कपाटात जपून ठेवली, तर तुम्ही नेमकं काय जपताय? गुप्ता यातलं काही सांगत बसत नाहीत. साबण झिजतो, हा त्याचा गुण त्यांनी कामाला लावला. तुझी काच नुसती पडून आहे. पाळणा हलतो, हेसुद्धा तू वापरलेलं नाहीस. उलट स्टँडला पक्का ठोकून टाकलायस!

चित्रकार प्रभाकर बरवे एनॅमल पेंट वापरायचे. सपाट रंग, स्वच्छ कडा. पान आहे, घड्याळ आहे. वस्तू ओळखायला काही अडचण नाही. अडचण येते ती ही वस्तू त्या वस्तूशेजारी का, असं विचारल्यावर. म्हणजे वस्तू ठाम आणि त्यांचं नातं अधांतरी. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. सगळंच धूसर करायचं आणि 'ज्याला जे दिसेल ते' म्हणून हात झटकायचे. ही पळवाट आहे. (विकत घेणाऱ्यांना ती आवडते, कारण दिवाणखान्यात कुणाशी वाद होत नाही.)

कलावंत जितीश कल्लाटांनी 2003 मध्ये 'पब्लिक नोटीस' हे काम केलं. आदल्या वर्षी गुजरातमध्ये दंगली झाल्या होत्या. नेहरूंचं 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्रीचं भाषण त्यांनी रबरी गोंदाने आरशांवर हाताने लिहिलं आणि ती अक्षरं पेटवली. आरसे वेडेवाकडे झाले. वाचायला जवळ गेलात की त्या जळक्या अक्षरांमागे तुमचाच पिळवटलेला चेहरा. भाषण जाळलं म्हणून ते नाकारलं म्हणावं, तर तेच शब्द एवढ्या निगुतीने उतरवलेत. हा पेच मला आजही सुटत नाही, आणि सुटावा असंही वाटत नाही.

तुझ्यापुरतं सांगतो. ज्या सुताराने पाळणा करून दिला त्याला काम दाखव, एक शब्दही न बोलता. तो कुठे हात लावतो आणि कुठे लावायला बिचकतो, तेवढं बघ. काच ठेवायची की काढायची ते त्यानंतर ठरव. वार्षिक प्रदर्शनात कामाशेजारी स्टेटमेंट नको; माध्यम, आकार, साल लिही, बस्स. आणि कृपा करून शीर्षकात 'द्वंद्व' नको.

तुझा,
सर