पोर्टलवर नंबर त्यांचा टाक, आपला नाही

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. जॉइन झाल्या झाल्या लॅपटॉप हातात दिला आणि यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, फॉर्मांवर बसवलं, हे काय डेटा एन्ट्रीचं काम, असं तू लिहिलंस. थोडं थांब. केंद्राच्या बऱ्याच योजनांना 1 एप्रिल 2023 पासून यूडीआयडी नंबर लागतो, कार्ड आलं नसेल तर निदान अर्ज केल्यावर मिळणारा एनरोलमेंट नंबर तरी. म्हणजे तू जो फॉर्म भरतोयस त्यावर एखाद्या घराचं पुढचं सगळं अडलेलं असतं.

सगळ्यात आधी मोबाईल नंबरचं सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. आई मुलाला घेऊन येते, तिच्याकडे साधा बटणाचा फोन, इनबॉक्स कंपनीच्या मेसेजनी भरलेला, त्यामुळे ओटीपी येतच नाही, बाहेर दहा जण खोळंबलेत, मग आपण पटकन स्वतःचा नंबर टाकून मोकळे होतो. हे करू नकोस. उद्या तू नोकरी बदललीस की मेडिकल बोर्डाच्या तपासणीची तारीख, कार्डाचे मेसेज, लॉगिनचा ओटीपी सगळं तुझ्या फोनवर येणार आणि त्या बाईला पत्ताच नाही. एका संस्थेत हे झालेलं मी बघितलंय, कार्यकर्ता सोडून गेला आणि पालक महिनोन्‌महिने कार्डाची वाट बघत बसले, मेसेज येत होते पण भलत्याच फोनवर. त्यापेक्षा तिच्या फोनमधले चार मेसेज डिलीट करून दे, ओटीपी तिलाच वाचू दे, वाचता येत नसेल तर शेजारी बसून तू वाच पण फोन तिच्याच हातात राहू दे. एनरोलमेंट नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या फाईलच्या पहिल्या पानाला लाव. पासवर्ड आपल्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मला अजिबात मान्य नाही, आजाराची माहिती, आधार, बँक, सगळं त्यात असतं.

नावाकडे नीट बघ. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मधेच वडिलांच्या नावाला 'राव' लागलेलं. आधारवर आहे तसंच टाक, आणि आधारच चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करायला पाठव, नाहीतर पुढे बँकेत पैसे अडकतात. मराठीतलं नाव आपोआप टाइप झालं तर ऱ्हस्व-दीर्घ तपास, कार्डावर तेच छापून येतं.

आणि सबमिट झालं म्हणजे काम झालं असं समजू नकोस, खरं काम तिथून पुढे. सिव्हिल हॉस्पिटलला बोर्डापुढे माणूस जाऊन तपासणी झाल्याशिवाय काही हलत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये नियम बदलले, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट द्यायची मुदत 1 महिन्याची 3 महिने झाली, आणि अर्जदार फिरकलाच नाही आणि अर्ज 2 वर्षांपेक्षा जास्त पडून राहिला तर तो बाद धरतात, परत पहिल्यापासून भरायचा. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सगळ्या पेंडिंग अर्जांचं स्टेटस काढ आणि ज्यांचं पुढे सरकलं नाही त्यांना फोन कर. बहुतेक वेळा कारण साधं असतं, वडिलांचा रोज बुडतो, किंवा मुलाला उचलून एसटीत चढवायला दुसरं माणूस नाही. तिथे आपली गरज आहे, पोर्टलवर नाही.

दृष्टिहीन माणूस स्वतःचा फॉर्म भरायला आला तर कीबोर्ड ओढून घेऊ नकोस, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाकून ठेव, फुकट आहे. कॅप्चाचं चित्र तेवढं वाचून दाखवावं लागेल. खरं तर ते लागू नये, सुप्रीम कोर्टाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय, तेव्हा जिथे स्क्रीन रीडर अडतो तिथला स्क्रीनशॉट काढून लेखी तक्रार टाकत जा. त्या माणसाच्या नावाने, त्याला विचारून.

मार्च जवळ आलाय म्हणून एक घाईचं. निरामय विमा योजनेचं वर्ष 31 मार्चला संपतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना यात 1 लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं कव्हर मिळतं, आधी मेडिकल टेस्टही लागत नाही, पण रिन्यू केलं नाही तर एप्रिलमध्ये पोरगं ॲडमिट झालं की हात रिकामे. ही योजना चालवणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या पोर्टलवर आपल्या संस्थेच्या लॉगिनमधून यादी काढ, ज्यांचं रिन्यूअल बाकी आहे त्यांना याच आठवड्यात फोन लाव, आणि बिलं ओरिजिनल जपून ठेवायला सांग. शेवटच्या दिवसांत पोर्टल फार रेंगाळतं, तेव्हा सकाळी लवकर बसत जा. कुठे अडलं तर स्क्रीनशॉट पाठव, त्यातला आधार नंबर आधी झाक.

तुझा,
दादा