व्हीललॉक बंदुकीचा दस्ता: ते पांढरं काम हस्तिदंती आहे का?

तुम्ही विचारलंय की फोटोतल्या त्या सतराव्या शतकातल्या म्युनिकच्या व्हीललॉक (फिरत्या चाकाने ठिणगी पाडणाऱ्या) शिकारी बंदुकीवर एवढं हस्तिदंती काम आहे, तर ती रानात नेत होते की नुसती दरबारात मिरवत होते?

आधी त्या पांढऱ्याकडे बघू. अशा दस्त्यांवर ते बहुतेकदा हरणाचं शिंग असतं. सहाणेवर उगाळायचं सांबरशिंग पाहिलं असेल तर लगेच ओळखाल: वरून टणक, आत सच्छिद्र, रंगाला तपकिरी झाक. हस्तिदंत आडवा कापला की एकमेकींना छेदणाऱ्या बाकदार रेषांची जाळी दिसते, आणि हाडात बारीक काळपट ठिपके. फोटो मोठा करून बघाच. कारागीर लाकडात खाच पाडून शिंगाचा पातळ तुकडा नेमका बसवायचा, त्यावर केसाएवढ्या रेघांनी कुत्रे, रानडुकरं, झाडं कोरायचा आणि रेघांत काळं भरायचा. चित्रं पुष्कळदा छापील चित्रांवरून उचललेली, त्यामुळे तेच हरिण दोन वेगळ्या बंदुकांवर भेटतं!

दस्ता करणारा, नळी घडणारा आणि चाप-कळ करणारा बहुधा वेगवेगळे. म्युनिकच्या दरबारात पोलाद कोरायला इमानुएल साडेलर, मग डानिएल साडेलर (मृत्यू १६३२) आणि पुढे कास्पर श्पेट होते. दस्त्यांसाठी हिरोनिमस बोर्स्टॉर्फर. साडेलर आणि श्पेट यांच्या पोलादकामाची खूण म्हणजे निळसर आकृती उठावात आणि मागे सोन्याचा मुलामा. माझ्या मते या कामाच्या तुलनेत नंतरचं बरंचसं जडावकाम भडक वाटतं.

आता शिकारीचं. मिरवायची होतीच, पण चालायचीही. किल्लीने चाकाची कमान ताणायची. चाप ओढला की दातेरी चाक गर्रकन फिरून पायराइटवर (ठिणगी देणाऱ्या खनिजाच्या खड्यावर) घासतं, ठिणग्या रंजकावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूवर, पडतात. तोड्याच्या बंदुकीसारखी जळती वात सांभाळायची नाही, म्हणून जनावर येईपर्यंत ती भरून तयार ठेवता येई. गारगोटीच्या बंदुका आल्यावरही जर्मन शिकाऱ्यांनी ही लवकर सोडली नाही. दस्ता आखूड दिसतो, कारण तो खांद्याला लावायचा नसून गालाला टेकवायचा. नळी जाड आणि जड असल्यानेच हे जमायचं, धक्का नळीच खाते. दस्त्याच्या उजव्या बाजूला सरकतं झाकण असेल, आत गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या वगैरे ठेवत.

वापरली होती का, ते नक्षीवरून कळणार नाही. रंजकाच्या वाटीभोवती दारूने खाल्लेले खड्डे आहेत का आणि किल्ली बसते त्या चौकोनी खुंटीचे कोपरे झिजलेत का, हे बघा. या दोन जागांचे जवळून फोटो टाकलेत तर पुढे बोलता येईल.